मलम घरी आले, सिस्टर आली नाही

(गणेशोत्सवातील आरोग्य व्याख्यानाचे शब्दांकन)

मंडळाचे अध्यक्ष, कार्यकारिणीतील मंडळी, आमच्या निमंत्रणाला मान देऊन आलेले कचेरीतले बंगाली, ओडिया आणि तेलुगू सहकारी, आणि आरतीला पुढची जागा मिळावी म्हणून लवकर येऊन बसलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

दरवर्षी या व्यासपीठावर मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी यांवर नामवंत डॉक्टर बोलतात. यंदा चिटणीसांनी एका निवृत्त परिचारिकेला बोलावले. मी नागपूरला नर्सिंग शिकले, लग्नानंतर यजमानांच्या रेल्वेच्या नोकरीपायी कोलकात्याला आले आणि इथल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या त्वचा विभागात २६ वर्षे काढली. वॉर्डात सगळे मला 'दीदी' म्हणत आणि घरी आल्यावर सासूबाई म्हणत, "आधी हात धू." या दोन वाक्यांमध्ये माझे सगळे आयुष्य गेले म्हणा ना!

विषय निवडायची मोकळीक होती. मी सोरायसिस निवडला, पण रोगाबद्दल थोडे आणि त्याच्या मलमांबद्दल जास्त बोलणार आहे. त्यातही मलमांनी होणाऱ्या भाजण्याबद्दल. तुम्ही म्हणाल, मलम भाजलेल्यावर लावतात, त्याने कोणी भाजते का? भाजते. मी स्वतःच्या हाताने अशा शेकडो जखमा धुतल्या आहेत.

आधी रोगाविषयी चार शब्द. आपली कातडी सतत खालून नवी होत असते. खालच्या थरातली पेशी वर येऊन गळून पडायला साधारण महिना लागतो. सोरायसिसमध्ये हेच काम चार-पाच दिवसांत उरकले जाते. कच्च्या पेशी एकावर एक साचतात, खाली रक्तपुरवठा वाढतो, आणि मग कोपर, गुडघे, कंबर, डोके अशा ठिकाणी लाल, जाड चट्टे आणि त्यांवर चांदीसारख्या पांढऱ्या खपल्या येतात. आपल्या देशात लोकसंख्येच्या अर्ध्या टक्क्यापासून जवळजवळ तीन टक्क्यांपर्यंत लोकांना हा त्रास असावा, असे वेगवेगळ्या पाहण्यांचे आकडे आहेत. म्हणजे या मांडवात तीनशे माणसे असतील तर दोन-चार जणांना तो असणार. त्यांनी हात वर करावा असे मी मुळीच म्हणणार नाही.

हा रोग संसर्गाने होत नाही. शिवल्याने नाही, एका ताटात जेवल्याने नाही, एक टॉवेल वापरल्याने नाही. कुष्ठरोगाशी त्याचा काडीचा संबंध नाही. हे मी मुद्दाम मोठ्याने सांगते, कारण आयुर्वेदाच्या ग्रंथांत त्वचेच्या कितीतरी विकारांना 'कुष्ठ' हा शब्द आहे, आणि तो शब्द कानावर पडला की घरातली माणसेसुद्धा पेला वेगळा ठेवतात. आपल्याच बायकांमध्ये मी पाहिले आहे. मोदक वळायला बसलेल्या वीस जणींत एक जण नेहमी "मी आपली नारळ खवते" म्हणून बाजूला बसते, आणि खवायच्या वेळीही लांब बाह्यांचा पोलका घालते, भाद्रपदातल्या या घामट हवेत! ही लाज माझ्या विषयाच्या बाहेरची नाही. भाजण्याच्या निम्म्या घटनांच्या मुळाशी मला तीच सापडली आहे. माणसाला चट्टे बरे व्हायला हवे असतात, पण त्याहून जास्त ते समारंभाच्या आधी बरे व्हायला हवे असतात.

आता एक जुनी हकिगत सांगते. तिचा एक धागा गोव्याचा, एक मुंबईचा आणि एक याच शहराचा आहे.

एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या बाजारात 'गोवा पावडर' नावाची पिवळसर-तपकिरी भुकटी मिळे. गजकर्ण, नायटा यांवर ती लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये कालवून लावत. गोव्याहून येते म्हणून गोवा पावडर. पण ती मुळात गोव्याची नव्हतीच. ब्राझीलमध्ये बाहिया प्रांतात अरारोबा नावाचा मोठा वृक्ष होतो. त्याच्या खोडातल्या भेगांमध्ये आणि पोकळ्यांमध्ये ही भुकटी साठते. ब्राझीलही पोर्तुगीजांचे, गोवाही पोर्तुगीजांचे, तेव्हा जहाजातून ती इकडे आली आणि इकडचे नाव घेऊन बसली. कोलकात्याच्या मेडिकल कॉलेजात अनेक वर्षे शल्यचिकित्सा शिकवलेले जोसेफ फेअरर यांनी १८७४ साली या भुकटीवर लिहिले, आणि ते वाचून बाहियाच्या एका डॉक्टरांनी कळवले की अहो, ही तर आमचीच अरारोबा! तिकडे झाड फोडणाऱ्या मजुरांचे डोळे आणि चेहरा या धुळीने चुरचुरून लाल होत. म्हणजे या औषधाचा स्वभाव काय आहे हे लाकूडतोड्यांना डॉक्टरांच्या आधी ठाऊक होते.

पुढे १८७६ च्या सुमारास लंडनच्या बाल्मॅनो स्क्वायर या त्वचारोगतज्ज्ञांकडे एक रुग्ण आला. त्याला सोरायसिस होता, पण तो नायटा आहे असे समजून त्याने गोवा पावडर लावली होती आणि चट्टे चक्क ओसरले होते. निदान चुकले, औषध मात्र बरोबर लागू पडले. तेव्हापासून सोरायसिसला हे औषध मिळाले. भुकटीतल्या गुणकारी भागाला क्रायसारोबिन म्हणू लागले. पहिल्या महायुद्धात ब्राझीलचा माल जर्मनीला मिळेनासा झाला, तेव्हा तिथल्या बायर कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी त्याच्याशी अगदी मिळताजुळता पदार्थ प्रयोगशाळेत तयार केला. १९१६ साली गालेव्स्की आणि उन्ना या जर्मन डॉक्टरांनी त्याचे गुण प्रसिद्ध केले. आज त्याला आपण डिथ्रॅनॉल म्हणतो. अमेरिकेत अँथ्रॅलिन म्हणतात.

डिथ्रॅनॉल सोरायसिसच्या चट्ट्यातल्या पेशींची धावपळ थांबवते. आतडी, यकृत, मूत्रपिंड यांना त्याचा उपद्रव नाही, कारण ते रक्तात फारसे जातच नाही. चट्टा गेला की बरेच दिवस गेलेला राहतो. एवढे गुण असलेल्या औषधाला दोनच खोडी आहेत. ते डाग पाडते, आणि ते भाजते.

डागांचे म्हणाल तर आमच्या वॉर्डातल्या चादरी, आमचे एप्रन, न्हाणीघराच्या फरशीच्या सांधी, सगळे जांभळट-तपकिरी झालेले असे. परटाने हात टेकले होते. कातडीवरचा डाग औषध थांबवल्यावर एक-दोन आठवड्यांत जातो, कापडावरचा जात नाही. डागाला घाबरू नका, जुने कपडे वापरा, एवढेच सांगून मी पुढे जाते.

भाजण्याचे मात्र नीट समजून घ्यायला हवे. हे औषध निरोगी कातडीला चट्ट्यापेक्षा जास्त झोंबते. चट्ट्याची कातडी दिसायला जाड, पण तिची वीण विस्कटलेली असते. त्यामुळे औषध तिच्यात भराभर शिरते. शेजारच्या निरोगी कातडीची वीण घट्ट. तिथे औषध हळूहळू, तासा-तासाने झिरपते. पण एकदा झिरपले की ती सोसत नाही. म्हणून खरी युक्ती वेळेची आहे. चट्ट्यात पुरेसे शिरले आणि शेजारी अजून शिरले नाही, एवढ्यात ते पुसून धुऊन टाकायचे. १९८० च्या सुमारास डॉक्टरांनी ही अल्पवेळेची पद्धत रूढ केली. दहा मिनिटे, वीस मिनिटे, फार तर अर्धा तास, आणि मग धुवायचे.

त्याआधीची पद्धत वेगळी होती आणि माझ्या नोकरीच्या सुरुवातीला मी तीही केली आहे. इंग्लंडातल्या लीड्स शहरात जॉन इनग्रॅम या डॉक्टरांनी १९५३ साली ती प्रसिद्ध केली. रुग्णाला डांबराच्या अर्काच्या पाण्याने अंघोळ, मग अतिनील किरण, मग चट्ट्यांवर अगदी सौम्य डिथ्रॅनॉल घातलेली लसारची पेस्ट. ही पेस्ट म्हणजे झिंक ऑक्साइड, स्टार्च, थोडे सॅलिसिलिक आम्ल आणि व्हॅसलीन. आपल्या बायकांना कळेल असे सांगते. ती श्रीखंडासारखी नसते, दिवसभर टांगून ठेवलेल्या चक्क्यासारखी घट्ट असते. जिथे लावली तिथेच बसते, अंगाच्या उबेने ओघळत नाही. आम्ही ती लाकडी पट्टीने चट्ट्याच्या कडेच्या आत, काठाला न शिवता, लावत असू. वर पावडर, वर जाळीचे कापड. एका रुग्णाला पाऊण तास लागे. चट्टा नदीच्या नकाशासारखा वाकडातिकडा असला तर जास्तच. ज्या सिस्टरला घाई असे तिला त्या टेबलाजवळ मोठ्या सिस्टर फिरकूही देत नसत.

हे सगळे एवढ्यासाठी सांगितले, की हे औषध अशा हातांसाठी बेतलेले होते. पुढे ते ट्यूबमध्ये आले. पेस्टऐवजी मऊ मलम झाले, त्यात डांबराचा अर्क आणि सॅलिसिलिक आम्लही एकत्र आले, आणि औषधाच्या दुकानातून ते थेट घरी जाऊ लागले. मलम घरी आले, सिस्टर आली नाही. लाकडी पट्टी गेली, घड्याळ बघणारे कोणी उरले नाही, आणि कोलकात्याच्या दमट उकाड्यात मलम वितळून गुडघ्यावरून पोटरीवर, कोपरावरून दंडाच्या आतल्या बाजूला उतरू लागले.

आता ज्या प्रसंगामुळे मी हा विषय घेतला तो सांगते. माणूस आपल्यातलाच होता, नाव-गाव विचारू नका. बँकेतले अधिकारी, वय पन्नाशीच्या पुढे, गुडघ्यांवर आणि कोपरांवर बारा-पंधरा वर्षांचे चट्टे. मुलीचे लग्न तीन आठवड्यांवर. त्वचारोगतज्ज्ञांनी डिथ्रॅनॉलचे मलम दिले आणि वीस मिनिटांनी धुवायला सांगितले. चिठ्ठीवर ते इंग्रजीत, डॉक्टरी आडवळणाच्या अक्षरांत होते. दुकानदाराने खोक्यावर आपल्या सवयीप्रमाणे लिहिले, 'रात्री'. घरी चिठ्ठी फायलीत गेली आणि खोके उशाशी राहिले.

पहिल्या रात्री त्यांनी मलम लावले आणि झोपले. सकाळी पाहिले तर काही नाही. दुसऱ्या रात्री जरा जास्त लावले. सकाळी थोडा लालसरपणा, तेव्हा त्यांना वाटले, औषध काम करायला लागले! तिसऱ्या रात्री अजून थोडे. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग बांधतो म्हणतात, इथे उतावळे वधूपिता गुडघ्याला मलम बांधत होते. चौथ्या दिवशी ते माझ्याकडे आले ते रिक्षातून उतरताना पाय फाकवून. झोपेत गुडघा मांडीला घासला होता, कोपर कुशीला लागले होते. चट्टे होते तिथे फारसे काही नव्हते. चट्ट्यांच्या भोवती, मांड्यांच्या आतल्या बाजूला, बरगडीवर, जिथे औषध कधी लावलेच नव्हते तिथे कातडी तांबड्या-जांभळ्या रंगाची, सुजलेली, पाण्याने भरलेले फोड, आणि पायजम्याचा स्पर्शही सोसवत नव्हता.

यात एक गोष्ट ध्यानात ठेवा, आजच्या व्याख्यानातली दुसरी काही राहिली नाही तरी चालेल. तव्याचा चटका बसला की हात आपोआप मागे येतो. तो चटका लगेच कळतो. डिथ्रॅनॉलचा चटका लगेच कळत नाही. तो दुसऱ्या दिवशी सुरू होतो आणि दुसऱ्या ते तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त होतो. म्हणजे सोमवारी लावलेल्याचा निकाल बुधवार-गुरुवारी लागतो. आपण मात्र मंगळवारी सकाळी पाहतो, "काही झाले नाही" म्हणतो आणि मंगळवारी रात्री दुप्पट लावतो. या गृहस्थांनी तीन दिवसांचे चटके एकावर एक रचले होते. म्हणून डॉक्टर या औषधाची ताकद किंवा मिनिटे रोजच्या रोज वाढवत नाहीत, काही दिवस थांबून वाढवतात. ०.१ टक्क्यापासून सुरुवात करून चढत जायचे असते. एकदम वरच्या पायरीवर उडी मारायची नसते.

त्यांच्या जखमा दोन-अडीच आठवड्यांत भरल्या. लग्नात ते उभे राहिले, सोवळे नेसायचे टाळले, पायजमा-कुर्ता घातला. कोणी विचारले तर "उष्णतेचे फोड" म्हणून सांगितले. पण गोष्ट तिथे संपली नाही. लग्नानंतर पंधरवड्यात मांडीवर जिथे जिथे भाजले होते तिथे तिथे नवे चट्टे उगवले. नेमके तेवढ्याच आकाराचे. सोरायसिस असलेल्या माणसाच्या कातडीला इजा झाली, मग ते खरचटणे असो, शस्त्रक्रियेचा व्रण असो की भाजणे, तर त्या जागी नवा चट्टा येऊ शकतो. हाइन्रिख कोब्नर या जर्मन डॉक्टरांनी १८७० च्या दशकात हे दाखवून दिले आणि त्यांचेच नाव त्याला पडले. तुम्ही-आम्ही भाजलो तर डाग राहील. यांना भाजले तर रोग वाढतो. म्हणूनच या लोकांच्या बाबतीत "थोडे भाजले तर काय झाले, औषध जालीम आहे" हे वाक्य मी कधी खपवून घेतले नाही.

आणि तिसरे नुकसान सर्वांत मोठे. त्या माणसाने नंतर दोन वर्षे कुठल्याच त्वचारोगतज्ज्ञांचा उंबरठा चढला नाही. "औषधानेच वाढले" हे त्यांच्या मनाने घेतले, आणि दिसायला तर ते खरेच होते! मग कोणी सांगितले म्हणून पुड्या झाल्या, कोणी सांगितले म्हणून इंजेक्शने झाली. वीस मिनिटांच्या जागी आठ तास, एवढ्या फरकाची ही किंमत.

दुसरी हकिगत थोडक्यात. एका घरात मोठ्या भावाचे सोरायसिसचे मलम होते. धाकट्याला जांघेत गजकर्ण झाले, आपल्याकडे पावसाळ्यात होते तसे. चट्टा लाल, खाज, वर खपली. दादाचे मलम लागू पडेल असे समजून त्याने लावले. जांघ, काख, स्तनांखालची घडी, गुह्यभाग, चेहरा या ठिकाणची कातडी पातळ असते, आणि घडीत मलम झाकले जाऊन जास्तच मुरते. तिथे हे औषध लावायचेच नसते. बिचारा आठ दिवस लुंगी नेसून घरात बसला. लंडनच्या त्या रुग्णाने सोरायसिसला गजकर्ण समजून फायदा करून घेतला होता, यांनी गजकर्णाला सोरायसिस समजून सोलून घेतले. नशीब दर वेळी लंडनकराचे नसते.

तर ज्यांच्या घरी हे मलम आहे त्यांनी घरच्या कोणाला तरी सिस्टर करावे. बायको, मुलगा, सून, कोणीही. डॉक्टरांकडून मिनिटे आकड्यात लिहून घ्यावीत, आपल्या भाषेत, आणि तो कागद ट्यूबभोवती रबरबँडने बांधावा. लावण्याआधी चट्ट्याच्या भोवती निरोगी कातडीवर व्हॅसलीनची मेंढ घालावी, शेताच्या बांधासारखी, म्हणजे मलम उतरले तरी खाली मुरत नाही. मलम चट्ट्यापुरतेच, पातळ, हातमोजा घालून. मोबाइलवर गजर लावावा; आजकाल घराघरात आहे तो एवढ्या कामाला तरी यावा. तेवढा वेळ पंख्याखाली बसावे, स्वयंपाक करू नये, झोपू नये, गुडघे मुडपून पोथी वाचत बसू नये. गजर झाला की आधी मऊ फडक्याने पुसून काढावे आणि मग कोमट पाण्याने धुवावे. कढत पाणी नको, घासणे नको. हात धुतल्याशिवाय डोळ्याला लावू नये, डोळ्याची आग फार वाईट. पहिल्या वेळी एकाच लहान चट्ट्यावर लावून तीन दिवस वाट पाहावी. आणि चट्टे स्वतःच तांबडेलाल, गरम, पू धरलेले असतील, तर त्या दिवसांत हे औषध अजिबात नको. डॉक्टरही ते तेव्हा देत नाहीत.

डिथ्रॅनॉल आता पूर्वीइतके दिले जात नाही, हेही सांगायला हवे. नवी मलमे आली, किरणोपचार सुधारले, मोठ्या आजारासाठी इंजेक्शने आली. पण ते स्वस्त आहे, गुणकारी आहे, आणि दुकानात आहे. शिवाय भाजण्याचा मक्ता एकट्या डिथ्रॅनॉलकडे नाही. डांबराचा अर्क लावून उन्हात गेलात तर ऊन दुपटीने भाजते. सॅलिसिलिक आम्ल खपल्या सोडवायला उत्तम, पण जोरकस मात्रेत ते निरोगी कातडीही सोलते, आणि अंगभर लावले, विशेषतः लहान मुलांना, तर रक्तात जाऊन विषबाधा करते.

बावचीचे तेल तर घरगुती म्हणून कोणी औषधात धरतच नाही. बावचीच्या बियांत सोरॅलेन असते, ते कातडीला उन्हाबद्दल हळवे करते. १९७० च्या दशकापासून डॉक्टर याच जातीची औषधे मोजलेल्या किरणांबरोबर वापरत आले आहेत, सेकंद मोजून. आमच्या ओळखीच्या एक बाई हिवाळ्यात गच्चीवर मोजमापाशिवाय बावचीचे तेल लावून पाठ शेकत बसल्या. त्या दिवशी छान वाटले. तिसऱ्या दिवशी पाठीवर फोडांची रांग. इथेही चटका उशिरानेच येतो, ध्यानात ठेवा.

आणि बिब्बा! इथल्या मंडळींना सांगायला हवे की आमच्याकडे बिब्बा नावाचे एक काळे फळ असते, पूर्वी परीट त्याच्या रसाने कपड्यांवर खुणा करत. आमच्या आज्या पायाच्या भेगेला बिब्ब्याचा चटका देत, पण तो सुईच्या टोकाने, एक ठिपका. ज्याला सोसत नाही त्याच्या अंगावर तो 'उततो', म्हणजे सूज, फोड, खाज. आजीला हे माहीत होते म्हणून ती ठिपका द्यायची. नातवंडे कुठेतरी वाचून चट्ट्यावर बिब्ब्याचे तेल फासतात. चालू कामात बिब्बा घालणे म्हणजे काय, हे अशा रुग्णाची पाठ पाहिली की कळते.

स्टेरॉइडच्या मलमांविषयी एकच सांगते, कारण तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे. त्यांनी आग होत नाही, उलट दोन दिवसांत लाली जाते, म्हणून लोक त्यांना निरुपद्रवी समजतात. जोरकस स्टेरॉइड महिनोन्‌महिने लावले तर कातडी कागदासारखी पातळ होते, आणि एकदम थांबवले तर सोरायसिस पूर्वीपेक्षा जोराने उसळतो. पातळ झालेल्या कातडीवर मग डिथ्रॅनॉल लावले की काय होईल ते तुम्हीच ताडा. २०१८ साली सरकारने ही मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. नियम आहे, आणि गल्लीच्या कोपऱ्यावरचे दुकानही आहे.

भाजलेच तर काय करावे? औषध ताबडतोब बंद. राहिलेले मलम पुसून, कोमट किंवा गार पाण्याने धुऊन काढा. पण भाजल्याचे कळेपर्यंत ते बहुधा धुतलेलेच असते, तेव्हा चोळून चोळून धुण्याने काही साधत नाही. गार पाण्यात पिळलेले मऊ सुती कापड दिवसातून तीन-चार वेळा दहा-पंधरा मिनिटे ठेवा, वर साधे व्हॅसलीन लावा, सैल सुती कपडे घाला. फोड फोडू नका, वरची कातडी ही फुकटची पट्टी असते. टूथपेस्ट, शाई, हळद, कोरफडीची ट्यूब यातले काहीही नको; हळदीचा मान देवघरात आणि स्वयंपाकघरात मोठा आहे, तिथेच राहू द्या. ट्यूब आणि चिठ्ठी दोन्ही घेऊन डॉक्टरांकडे जा, नुसते "पिवळे मलम होते" सांगू नका. आणि ज्यांनी औषध दिले त्यांच्याकडेच परत जा. ते रागावतील म्हणून लोक जात नाहीत. रागावले तर रागावू देत, किती मिनिटे ठेवले हे त्यांना खरे सांगा, कारण त्यावरूनच पुढचे औषध ठरते. बहुतेक वेळा तेच औषध काही आठवड्यांनी, सौम्य करून, कमी मिनिटे पुन्हा चालू करता येते. त्या बँकेतल्या गृहस्थांना दोन वर्षांनी हेच झाले. यावेळी घड्याळ त्यांच्या पत्नीच्या हातात होते, आणि पाच महिन्यांनी त्यांचे गुडघे मी साडी नेसून बसलेल्या बायकांच्या घोळक्यात, भर मांडवात, अर्धी चड्डी घालून ढोल वाजवताना पाहिले.

घरी थांबू नये अशी वेळही सांगते. अंगाचा मोठा भाग लाल होऊन सुजला, थंडी वाजून ताप आला, पायांवर सूज आली, किंवा बारीक बारीक पुवाच्या पुळ्या उठल्या, तर सरळ रुग्णालय गाठा, रात्रीचे दोन वाजले असले तरी. सगळी कातडी पेटली की अंगातले पाणी आणि ऊब दोन्ही निसटू लागतात, आणि म्हाताऱ्या माणसांच्या हृदयावर त्याचा ताण येतो. अशा रुग्णांच्या खाटेजवळ मी रात्री काढल्या आहेत. उशिरा आलेल्यांच्या जवळ जास्त.

प्रश्नांसाठी वेळ ठेवला आहे असे अध्यक्षांनी सांगितले होते, पण चिटणीस घड्याळ दाखवत आहेत आणि पुजारीबुवांनी निरांजने लावायला घेतली आहेत. इथे सर्वांसमोर विचारायचे नसेल त्यांनी आरतीनंतर कोठीच्या खोलीत यावे. मी तिथे प्रसादाचे द्रोण भरायला बसणार आहे. चट्टा दाखवायचा असेल तर तिथे दार लावता येते, आणि ज्यांना द्रोण भरायला बसायचे असेल त्यांनी खुशाल बसावे, हातावर चट्टे असले तरी.